रंजिताची ओढ

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला वीस-बावीस घरांचा पाडा आहे. तिथल्या वाळू आणि हौसाची रंजिता ही मधली पोर. चालायला लागली तेव्हापासून तिचा पाय रिकामा म्हणून राहिला नाही. आंब्याची कोय, फुटका डबा, रस्त्यातला गोटा, समोर येईल ते ढकलत न्यायची. हौसा ओरडायची, "अंगठा फुटल गो तुझा! नख नाय रायला एक जागेवर."

आश्रमशाळेत त्या पायाला खरा बॉल मिळाला. ज्ञानेश्वर मास्तर शिकवायचे भूगोल, खेळलेले जन्मभर कबड्डी. फुटबॉल ते मोबाइलवर बघून शिकले आणि पोरींना शिकवला. इंग्रजीच्या भानगडीत पडले नाहीत. पास म्हणजे "दे", शूट म्हणजे "हाण", आणि बॉल तळपायाखाली मागं घेऊन गरकन वळायचं म्हणजे "ओढ". ही ओढ रंजिताला अशी जमली, की अडवणारी पोर खुंट्यासारखी जागेवर आणि ही पार गोलापाशी. आठवीत तालुक्याला तिचे अकरा गोल झाले, नववीत सतरा. शहापुरातल्या पोरी एकमेकींना सांगायच्या, "ती गो, ओढणारी. तिला दोघींनी धरा."

दहावीला जिल्ह्याच्या संघाची निवड आली. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. इथं नाव लागलं नाही, तर शाळा संपली की पाड्यावर परत, आणि मग कसला बॉल. साठ पोरी आलेल्या, घ्यायच्या अठरा. मैदानावर गवत असं, की बैल सोडावासा वाटावा. निवड करणाऱ्या नम्रता मॅडम टोपी घालून पार कडेला उभ्या होत्या.

गट पाडून सामना सुरू झाला. रंजिता पुढं, तिच्या उजव्या हाताला दिपिका नावाची कल्याणची पोर. पहिलाच बॉल रंजिताच्या पायाशी आला, तशा मॅडम लांबून ओरडल्या. वाऱ्यावर आवाज आला, "ओऽऽढ! ओऽऽढ!"

रंजिताची छाती फुगली. मॅडमना आपली ओढ ठाऊक आहे! तिनं बॉल ओढला, गरकन वळली, आणि तीन पोरींच्या मधोमध सापडली. बॉल गेला. पुढच्या वेळी मॅडम आणखी जोरात ओरडल्या, हिनं आणखी जोरात ओढला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तर दिपिका गोलासमोर एकटी हात वर करून उभी, आणि ही आपली फिरतेय. मॅडमनी शिट्टी वाजवून तिला बाहेर घेतलं.

"मी काय सांगते, ऐकू येत नाही का तुला?"

"येतं ना मॅडम. तुमी ओढ म्हंता, मी ओढतेय."

"काय करतेस?"

"ओढतेय."

मॅडमनी टोपी काढून तोंडासमोर धरली. हसू काही लपलं नाही. "अगं बाई, होल्ड! होल्ड म्हणजे धरून ठेव. बाकीच्या येईपर्यंत थांब."

पाणी प्यायला आलेली दिपिका म्हणाली, "तरीच! मला वाटलं, ही खडूस आहे, पास देतच नाही."

कडेला बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. रंजिताचे कान तापले. हसल्याचं तिला एवढं लागलं नाही. पण धरून ठेवायचं म्हणजे काय, हे तिच्या पायाला माहीतच नव्हतं. शाळेच्या मैदानावर जिच्याकडं बॉल, ती पळाली. थांबली तिचा गेला. ती गवत उपटत बसून राहिली. दहा मिनिटं उरली तशी उठली आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मला एकदा आत टाका. धरते मी."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, आणि आत सोडलं.

बॉल आला. मागून एक थोराड पोर अंगावर आली, कोपर बरगडीत. पाय ओढायला नुसता शिवशिवत होता. रंजितानं तळवा बॉलवर दाबला आणि कंबर मागं रेटून उभी राहिली, दारात अडून बसलेल्या म्हशीसारखी. धक्का बसला, दुसरा बसला, हलली नाही.

"दे गं, दे!" दिपिका धावत आली. रंजितानं दिला. दिपिकानं हाणला. जाळं हललं.

संध्याकाळी यादी वाचली. सोळावं नाव, रंजिता वाळू मेंगाळ. सोबत आलेल्या मास्तरांनी हौसाला फोन लावून मोबाइल रंजिताच्या हातात दिला.

हौसा शेतावरच होती, भातकापणीला. "आये, घेतली मला."

"किती गोल केलंस?"

"एक पण नाय."

"एक नाय? मंग घेतली कशी तुला?"

"बॉल धरला म्हणून."

"त्याला एवढ्या लांब जावा लागतं?" हौसा खुदकन हसली. "आता कुठं नेतात?"

"सरावाला. सोमवारपासून. पंधरा दिस."

पलीकडं विळ्यांची खसखस तेवढी ऐकू येत होती. पंधरा दिवस म्हणजे सगळी कापणीच की, आणि कापायच्या ओळींतली एक पात रंजिताच्या वाट्याची. रंजिता मोबाइल कानाला दाबून थांबली.

"जा गो तू," हौसा म्हणाली. "तुझी पात मी घेतंय."