शालिकरामच्या कॅमेऱ्यातली बुरशी

नागपूरच्या मनीषनगरात मुलगी लग्नाची झाली की आईबाप आधी पत्रिका काढत नाहीत, आधी तिला शालिकराम झाडेच्या स्टुडिओत नेऊन स्टुलावर बसवतात. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली, एक निळा पडदा, छत्रीचे दोन दिवे आणि खुद्द मालक. केस मेंदीचे, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक अंगावर आलं तरी हा म्हणणार, "बराबर आहे जी तुमचं." त्याची बायको कौसल्या सांगते, या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट ठरवली, कॅमेरा घ्यायची, आणि कोणता घ्यायचा तेही दुकानदारानं ठरवलं.

आता म्हणाल, मोबाईलच्या जमान्यात याच्याकडे कोण जातं? तीच तर गंमत. मध्यंतरी मोबाईलनं मुली इतक्या गोऱ्या करून टाकल्या, की एका घरी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली तर मुलाच्या आईनं विचारलं, ही धाकटी का, मोठीलेबी बोलवा न. तेव्हापासून मुलाकडचे निरोपच धाडू लागले, मोबाईलचा नको, कॅमेऱ्याचा फोटो पाठवा. कॅमेरा खोटं बोलत नाही.

शालिकरामचा कॅमेरा बोलत होता. ही बात फक्त त्याला ठाऊक होती. म्हणजे त्याला, कौसल्येला, आणि म्हणून अर्ध्या गल्लीला. मागे एका पावसाळ्यात त्याच्या काचेला आतून बुरशी चढली, दुधावरच्या सायीसारखी पातळ. साफ करून आणू म्हणता म्हणता त्यानं एका मुलीचा फोटो काढला, तर तिची आई हरखूनच गेली. मुरुमं, खड्डे, डाग सगळं त्या सायीत विरघळलं होतं. शालिकरामनं मग बुरशीला हात लावला नाही. आपण लबाडी करतो असं त्याला कधी वाटलं नाही, कारण त्यानं काही केलंच नव्हतं. केलं ते बुरशीनं. मुलगी समोर आल्यावर जरा वेगळी दिसली, तर पाहुणे स्वतःच नागपूरच्या उन्हाला दोष देऊन मोकळे व्हायचे.

अशा किती मुली उजवल्या, आणि यंदा हिवाळ्यात त्याच्या घरची पाळी आली. त्याची मुलगी दामिनी बँकेत नोकरीला, जिभेची तिखट, आणि दोन्ही गालांवर वांग. आधी दोन ठिकाणचे लोक घरी आले, तिच्या गालांकडे पाहत पोहे खाल्ले, आणि गेले ते गेलेच. साधा फोनही नाही. आता काटोलचं स्थळ आलं होतं, कौसल्येच्या मावसभावानं, महादेवरावांनी, आणलेलं. मुलगा चांगला, घरचे शहाणे. या खेपेला आधी फोटो जाऊ द्यावा, एकदा चेहरा मनात भरला की मग वांग कोण पाहतं, एवढा एकच आधार शालिकरामनं धरला होता. त्यानं दिवे लावले, मुलीला बसवलं आणि कॅमेरा सुरू केला. पुढची नळी अर्धी बाहेर आली, करकरली आणि तिथंच अडली.

सीताबर्डीवरच्या दुर्गेश मेकॅनिकनं कॅमेरा कानाशी नेऊन हलवून पाहिला. लेन्स कॅमेऱ्यालाच जोडलेली, वेगळी निघत नाही. दुरुस्त करायचा तर सगळं उघडावं लागेल, आणि तरी किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. "काका, नवा घ्या," त्यानं सांगितलं.

शालिकराम नवा पाहायला गेला. दुकानदारानं हौसेनं स्वतःचाच फोटो काढून दाखवला, तर त्याच्या नाकातले केस मोजता आले. शालिकरामनं कॅमेरा अलगद खाली ठेवला. मग तो जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरला आणि हळूच विचारलं, एखादा बुरशी आलेला आहे का. तिथल्या माणसानं कॅमेरे विकण्यात जन्म घालवला होता, पण असं गिऱ्हाईक काही त्याच्या नशिबी आलं नव्हतं. त्यानं शालिकरामला पाणी विचारलं.

फिरून फिरून तो पुन्हा दुर्गेशपुढे उभा. "नळी तेवढी चालती कर गा. काचेले हात नको लावू. जशी आहे तशी राहू दे."

दुर्गेशला वाटलं, बिचाऱ्याचा हात तंग आहे. दोन दिवसांनी त्यानं कॅमेरा परत दिला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "काका, नळी तर झाली, पण आतून काचबी चकाचक करून टाकली. त्याचे पैसे नाही घेत तुमच्यापासून."

कोणावर चिडायचं? शालिकराम म्हणाला, "बराबर आहे," आणि कॅमेरा पिशवीत घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवरावांचा फोन. काटोलची मंडळी रविवारी दुसरी मुलगी पाहणार होती. फोटो पाठवायचा तर आजच. कौसल्येनं दामिनीला साडी नेसवली आणि निळ्या पडद्यापुढे बसवली. शालिकरामनं कॅमेऱ्यातून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याला तिचे गाल असे दिसले नव्हते. वांगाच्या कडा नकाशातल्या जिल्ह्यांसारख्या स्वच्छ. त्यानं एक दिवा दूर सारला, मग दुसरा. फरक पडेना. कौसल्या चहा टाकायला आत गेली, तसा त्यानं कॅमेरा तोंडाजवळ नेला आणि काचेवर हाऽ करून वाफ सोडली. घाईघाईनं डोळा लावला. दामिनी धुक्यात गेली, गाल सायीसारखे झाले. पण बोट बटणावर जाईस्तोवर धुकं कडेनं आकसत मधोमध आलं आणि विरलं. त्यानं पुन्हा वाफ सोडली. पुन्हा तेच.

"हे काय करून राहिले जी बाबा?"

"काच पुसतो," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"लग्न झाल्यावर रोज सकाळी काटोलले येसान का अशी वाफ सोडाले?"

ती हसत होती, नेहमीसारखी, तिरकस. शालिकरामचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रोज काटोलला जाणं जमलं असतं, तर तो खरंच गेलाही असता. त्यानं काच आपोआप कोरडी होऊ दिली आणि बटण दाबलं.

फोटो फार चांगला आला. तसा चांगला फोटो त्यानं कित्येक वर्षांत काढला नव्हता. पापण्या, हसताना एका बाजूला जाणारा ओठ, वांग, सगळं जागच्या जागी. दामिनीनं तो पाहिला, "पाठवा," म्हणाली, आणि साडी बदलायला गेली. दुसरा काढू का असं तो पुटपुटला, पण तिला बँकेला उशीर होत होता.

त्यानं पाठवला. महादेवरावांनी तो पुढे काटोलला पाठवल्याचं लगेच कळवलं. नंतर काही नाही.

दामिनीनं फाटकाशी गाडी काढली, थंडीधुळीपायी ओढणी तोंडाला गच्च गुंडाळली, फक्त डोळे ठेवले, आणि मान हलवून गेली. शालिकराम दारात उभा होता. हातातल्या फोनचा पडदा विझला की तो बोट लावून पेटवायचा, पाहायचा, आणि पुन्हा विझायची वाट पाहायचा. आतून कौसल्येनं चहा थंडा होऊन राहिला म्हणून दोनदा हाक मारली.