उजवा बूट

मनोरमाबाईंनी हावरानेकांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते दारातच. २००६ सालचा मार्च. जर्मनीत र्युसेल्सहाइमला मुलाकडे आलेल्या बाईंनी वरच्या मजल्यावरच्या या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या शेजाऱ्यांना चहाला बोलावलं होतं. ते टाय लावून आले, दाराबाहेरची चपला-बुटांची रांग त्यांनी पाहिली, फुलं बाईंच्या हातात दिली आणि उंबऱ्यावरूनच परत फिरले. बाईंना वाईट वाटलं. थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सून स्वरूपा कारण विचारून आली. हावरानेकांच्या उजव्या पायाला बोटंच नव्हती. पगारी फुटबॉलपटू ही गोष्ट अजून नवलाईची होती तेव्हा ते व्हिएन्नात अठराव्या वर्षी तसे खेळाडू झाले. दोनच मोसम खेळले. मग युद्ध आलं आणि रशियातल्या थंडीत बोटं गेली. पुढे इथल्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, पण चारचौघांत कधी बूट काढला नाही की चेंडू मारला नाही.

जूनमध्ये गल्लीच्या मेळाव्यात टोरवांड लागणार होती. म्हणजे वर एक, खाली एक भोक असलेली लाकडी भिंत. सहा फटक्यांत चेंडू भोकातून घालायचा. जिन्यात लावलेली मेळाव्याची सूचना हावरानेक रोज थांबून वाचत. बाईंनी सुनेकडून निरोप धाडला, नाव द्या. ते म्हणाले, मारायचा पाय गेला.

"मग डावा कुठे गेलाय? विचार त्यांना."

"अहो आई, असं कसं विचारू?"

"विचार."

ते ऐकून हावरानेक खूप वेळ हसले. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजांमागच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. चेंडू अडवायला मनोरमाबाई, पदर खोचून. डावा पाय उचलला की उजव्या बुटाचं रिकामं टोक दुमडायचं आणि ते झोकांडायचे. बूट काढा, असं बाईंनी तीनदा सुचवलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

मेळाव्यात चार फटके वाया गेले. चौथ्याला तर ते पडता पडता वाचले. सगळी गल्ली बघत होती. मनोरमाबाईंनी आपल्या चपला काढल्या आणि गवतावर अनवाणी उभ्या राहिल्या. हावरानेकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकावर बसून सावकाश नाडी सोडली, बूट काढला, मोजाही काढला.

पाचवा फटका खालच्या भोकातून गेला. सहावा वरच्या.

टाळ्या थांबेनात. हावरानेक मात्र अठरा वर्षांच्या पोरासारखे दोन्ही हात वर करून उभे होते, बोटं नसलेल्या पायावर, ताठ.

त्यानंतर ते दर गुरुवारी चहाला येत, आणि दोन्ही बूट दाराबाहेरच्या रांगेत काढून ठेवत.