आता त्याचं तू सांग

दूध संस्थेत भांडण लागलं की अक्का आधी पायातल्या चपला काढायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि तक्रार करणाऱ्याला म्हणायच्या, "तुझं ऐकलं. आता त्याचं तू सांग."

म्हणजे समोरच्याचं म्हणणं, समोरचा होऊन, त्याच्याच देखत सांगायचं. त्यानं "व्हय, असंच हाय" म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. तुम्हीही गावातल्या बैठका पाहिल्या असतील. तिथं प्रत्येकाला आपलंच सांगायची घाई असते. अक्का अध्यक्ष होत्या तोवर आमच्याकडे ती सोय नव्हती.

त्यांच्या घरीही हाच कायदा. एकदा नवऱ्याशी वाजलं तेव्हा त्यांनी तात्यांनाच सांगितलं, "आता माझं तुमी सांगा." तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला आणि सुरू झाले, "सकाळपास्नं मी राबतीया, आन ह्यो माणूस ओट्यावर बसून तिसऱ्यांदा च्या मागतोय." संस्था त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे दूध घालायला आलेले आम्ही सगळे हसत सुटलो. अक्का म्हणाल्या, "बास. एवढं बी न्हाई." पण चहा झाला. सगळ्यांनाच झाला.

मी सकाळी संस्थेत दुधाची फॅट बघायचं काम करायची आणि तिथूनच एसटीनं भोरला कॉलेजला जायची. त्या कामावरच माझं कॉलेज चाललं होतं. थंडी सुरू झाली तसं वरच्या वाडीचं दूध उशिरा यायला लागलं. भोरला दूध नेणारा टेम्पो निघून गेलेला असायचा. मग भरलेली किटली पुन्हा डोंगरावर न्यायची. वाडीचे लोक म्हणाले, दूध उशिरा घ्या, नाहीतर आम्ही वेगळे होतो. दूध उशिरा घेतलं की माझी एसटी चुकणार. दुसरी थेट दुपारची. मला काम तरी सोडावं लागणार होतं, नाहीतर कॉलेज.

बैठकीत वाडीचे धोंडूमामा माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला एसटी गाठायची म्हनून आमी दूध माघारी न्यायचं व्हय?"

मी म्हणाले, "मामा, तुम्ही जरा लवकर निघा की."

अक्कांच्या चपला निघाल्याच होत्या. "धोंडू, आता हिचं तू सांग."

मामा उठले. काखेत बॅग धरल्यासारखं करून म्हणाले, "मी कॉलेजात जाते. मला लई घाई हाय." सगळे हसले, मीही हसले. मग मामांनी ती बॅग खाली ठेवल्यासारखं केलं. "एक तास चुकला तर काय शिकवलं ते घरात कुनाला इचारू? माज्या घरात आजवर कुनी कॉलेजात गेलं न्हाई."

मी खाली बघितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"असंच हाय का गं?" अक्कांनी विचारलं. मी मान हलवली. "मग आता त्याचं तू सांग."

मी उभी राहिले. "माझं घर वर आहे. मी पहाटे उठतो, धार काढतो..." मी अक्कांकडे वळले. "अक्का, मामांची पहाट मला माहीत नाही."

"मग त्याला इचार. मला काय सांगतीस?"

मी विचारलं. मामा म्हणाले, "पोरी, बिबट्या फिरतोय. मागच्या महिन्यात कालवड नेली. उजाडल्याबिगार आमी गोठ्याचं दारच उघडत न्हाई."

मी पुन्हा उभी राहिले आणि तसंच्या तसं सांगितलं. मामा म्हणाले, "व्हय, असंच हाय."

तेवढ्यात मागून टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "मी आदी खालच्या गावाचं दूध घेतो. हितं शेवटाला येतो. हितनं सरळ भोरलाच जायचंय. ही बी बसंल की पुढं."

"तुला कुनी इचारलं रं?" अक्का म्हणाल्या.

"सगळे एकमेकांचं सांगत्यात. मी टेम्पोचं सांगितलं."

हसू आवरेना कुणाला. सचिव लगेच म्हणाले, "खालच्या गावाला लवकर चालंल."

अक्का म्हणाल्या, "त्यांचं तुमी हितं बसून सांगू नका. जाऊन इचारा." सचिव मोटारसायकलवरून गेले आणि त्यांचा होकार घेऊनच आले.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी उन्हं आली तेव्हा मामांची किटली सगळ्यांत पुढं होती. दूध घेऊन झालं, टेम्पो भरला. मला अक्कांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्या आल्याच नव्हत्या. नंतर कधी जमलंही नाही. त्या उन्हाळ्यात त्या वेल्ह्याला लेकीकडे राहायला गेल्या.

त्या पहिल्या दिवशी मी मांडीवर वह्या घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले होते. रस्त्याकडेच्या हरभऱ्यात अक्का खुरपत बसलेल्या दिसल्या, आमच्याकडे पाठ करून. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. खुरप्याचा हात तेवढा वर केला, आणि सरकून पुढची ओळ धरली.