वर बघायचा चष्मा

वाल्मीक आमच्या कार्यालयात दप्तरी आहे. सव्वीस वर्षं तो पुठ्ठा कापतो, खळ लावतो, रजिस्टरं बांधतो. मी तिथला हेडक्लार्क, येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, रद्दीत जाणाऱ्या रजिस्टरांचे पुठ्ठे.

त्याची बायको संजना म्हसरूळहून सकाळच्या गाडीने दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाते. ऑक्टोबरच्या छाटणीत तिच्या उजव्या डोळ्याला काडीचा फटका बसला. जखम भरली, पण बुबुळावर डाग राहिला आणि उजेड सोसेना. डॉक्टरांनी काळा चष्मा सांगितला. बाजारातून आणला, तर डोक्याला गुंडाळलेल्या रुमालावर त्याच्या दांड्या टिकेनात आणि बाजूने ऊन आत येई. पुढच्या सोमवारपासून विरळणी होती, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचं काम. टोळीची मुकादम धोंडाबाई घरी येऊन सांगून गेली, "तवर आली तर तुझी जागा. नाय तर दुसरी बाई घेते."

संजना सात वर्षं त्या टोळीत होती. दारं लावून ती दिवसभर घरात बसे. "असं बसून काय करू?" तिने वाल्मीकला विचारलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे पुठ्ठा मागायला आला.

बाजारच्या चष्म्याच्या काचा काढून त्याने पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवल्या. रुमालावरून बसतील अशा लांब दांड्या केल्या, बाजूला ऊन अडवणाऱ्या झापा लावल्या, वरून बाइंडिंगचं कापड चिकटवलं. मधल्या सुट्टीत मी डोक्याला रुमाल बांधून तो चष्मा घातला आणि खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. बाजूने ऊन येत नव्हतं.

"भाऊसाहेब, निवृत्तीपर्यंत असेच बसा," अंजली टायपिस्ट म्हणाली. "कुणी सही मागायला येणार नाही."

मी वाल्मीकला चष्मा चांगला झाल्याचं सांगितलं.

सोमवारी संजना तो घालून गेली. बायका म्हणाल्या, "काय गं, मोटारसायकल कुठं लावली?" दुपारपर्यंत खळ घामाने सुटली आणि डोळ्यातून पाणी थांबेना. ती बांधावर बसली. धोंडाबाईने तिला गुरुवारपर्यंत मुदत दिली.

घरी येऊन संजनाने चष्मा त्याच्या हातात दिला. "हा खुर्चीत बसून केला का?"

"हो. भाऊसाहेबांनी घालून बघितला."

"मंग बरोबर हाये. बागेत मांडवाखाली माणूस दिवसभर वर घडाकडं बघतं."

हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्ही समोर बघणारी माणसं. मान मागे टाकली की चष्मा कपाळाकडे सरकत होता आणि भुवईजवळच्या फटीतून ऊन थेट आत येत होतं.

मंगळवारी वाल्मीकने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भर दुपारी संजनाला अंगणात उभं केलं, हात वर, मान मागे, डोक्याला रुमाल. माप त्याच अवस्थेत घेतलं. भुवईच्या वर दोन बोटं रुंद झाप लागेल असं दिसलं, ती त्याने जोडली. दांड्या काढून टाकल्या आणि रुमालावरून डोक्यामागे जाईल अशी इलॅस्टिकची पट्टी लावली. खळ वापरली नाही, सगळं रजिस्टरासारखं मेणदोऱ्याने शिवलं. बुधवारी दुपारी पुन्हा अंगणात उभं करून पाहिलं.

गुरुवारी ती गेली आणि संध्याकाळच्या गाडीने सगळ्या बायकांबरोबर परत आली. कपाळावर झापेचा वळ होता.

शुक्रवारी मी विचारलं, "काय म्हणाली?"

"चाललं म्हणाली. धोंडाबाईने आजही बोलावलंय."

"मग बरं वाटलं असेल तुला."

"काही वाटलं नाही, भाऊसाहेब. ती म्हणाली चाललं. मग आम्ही जेवलो."

तो टेबलाशीच उभा राहिला. विरळणी अजून पंधरा दिवस होती आणि घामाने पुठ्ठा आठ दिवसांपलीकडे टिकणार नव्हता.

मी कपाट उघडून आणखी दोन रजिस्टरांचे पुठ्ठे काढून दिले.