अक्षरांचं हक्कसोडपत्र

माझ्या धाकट्या भावाला कुठलाही फॉर्म दिसला की डोकं दुखायला लागतं. गिऱ्हाईक कितीही वाकडं असू दे, फोनवर तासभर गोड बोलून हा त्याला सरळ करील; पण चार रकान्यांचा कागद पुढे आला की "ताई, हे तू बघ ना" म्हणून मोकळा. त्यामुळे दरवर्षी येणारा तो सरकारी सर्व्हे माझ्याच गळ्यात पडायचा. देशातून बाहेर कोणत्या सेवा जातात, सॉफ्टवेअर किती, डिझाईन किती, हक्क किती, आणि बाहेरून काय काय येतं, याची मोजदाद सरकार करतं. नगरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या धंद्यालाही त्यात धरतं. ईमेलवर लांबलचक शीट येते. मी चहाचा कप घेऊन बसायचे आणि भरून टाकायचे.

खरं सांगायचं तर मला तो सर्व्हे आवडायचा. लग्नाकार्यात कुणी विचारायचं, "तुमचं एक्स्पोर्टचं काम आहे म्हणे? कांदा का डाळिंब?" मी म्हणायचे, "क, ख, ग." समोरच्याला वाटायचं बाईचं काहीतरी बिनसलंय. सरकारला मात्र तसं वाटत नव्हतं. सरकारच्या शीटमध्ये आमच्या मालाला चक्क नाव होतं, बौद्धिक संपदा. तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दिवसभर उगाचच खुशीत होते.

आम्ही फॉन्ट विकतो. म्हणजे मोबाईलवर, कॉम्प्युटरवर मराठी ज्या वळणाच्या अक्षरांत दिसते, ते वळण. आमच्याकडे असा एकच फॉन्ट होता आणि तो दादांच्या अक्षरांवरून केलेला होता. दादा म्हणजे आमचे वडील, कोल्हारचे पेंटर. एके काळी कोल्हारपासून शिर्डीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचंच अक्षर दिसायचं. भेळीचे गाडे, लॉज, प्रसादाची दुकानं, ट्रकची फळकुटं. पोट सुटलेला क, मान ताठ ठेवून उभा असलेला र, आणि वेलांटी अशी काढायचे की बघणाऱ्यानं चालता चालता थांबावं. मी शाळेतून आले की त्यांचे ब्रश घासलेटमध्ये धुवायचे. मग एक दिवस फ्लेक्स आला आणि सगळं बसलं. पाट्या उतरल्या, भिंतींवर चुना चढला, आणि दादांचे हात घरात बसून थरथरायला लागले.

तेव्हा मी राहिलेल्या पाट्यांचे फोटो काढत फिरले. लग्न होऊन नगरला आलेली, दोन मुलांची आई, स्कूटर घेऊन लॉजवाल्यांना म्हणतेय, "काका, जरा बाजूला व्हा, मागची भिंत हवीय." पण पाटीवर सगळी अक्षरं कुठून असणार? ट्रॅक्टरवाल्याला 'ट्र' लागतो, भक्तनिवासाला 'क्त' लागतो, पण 'ङ' कुठल्या भेळवाल्याला लागलाय? फॉन्टला साडेसातशेच्या वर आकार लागतात. दादांनी जन्मात काढलेले फार तर शंभर. उरलेले मी काढले. तीन वर्षं दर शनिवारी एसटीनं कोल्हारला जायचे, दादांच्या खाटेशी बसायचे, ट्रेसिंग पेपर त्यांच्यापुढे धरायचे. ते नुसती मान हलवायचे, व्हय किंवा न्हाई. न्हाई आलं की परत आठवडाभर तेच. 'द्ध्य' सोळा वेळा काढला. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मला म्हणायला लाज वाटत नाही.

कॉम्प्युटरचं काम आणि गिऱ्हाईक भावाचं. धंदा त्याच्या नावावर होता, आणि त्यात मला कधी काही खटकलं नाही. ठरलेलं एकच होतं, आणि ते त्यानंच दादांसमोर बोलून दाखवलं होतं. "भाड्यानं द्यायचं ताई, विकायचं न्हाई." परदेशातल्या कंपन्या वर्षाच्या बोलीवर फॉन्ट वापरायला घ्यायच्या. सर्व्हेच्या शीटमध्ये त्यासाठी एक ओळ होती, 'हक्क वापरायला दिले'. तिच्याखाली दुसरी ओळ, 'हक्क कायमचे विकले'. त्या दुसऱ्या ओळीत मी दरवर्षी झोकात शून्य लिहायचे.

मधल्या काळात आई गेली. तिच्या नावावर दोन एकर जमीन होती, आणि आमच्याकडे बहीण हक्कसोड करते. करायचीच असते. न करणारीचं माहेर तुटतं. मलाही जमीन नकोच होती, खोटं का बोलू. मी, भाऊ आणि दादा राहात्याच्या रजिस्ट्री ऑफिसात गेलो. भावानं कागदांचा गठ्ठा पुढे केला, पेन्सिलीच्या फुल्यांवर बोट ठेवत गेला, "इथं ताई, इथं, आता इथं." मी सह्या करत गेले. वाचलं नाही. वाचायचं नसतंच. हक्कसोडाचा कागद वाचणारी बहीण म्हणजे भावावर संशय घेणारी बहीण. शेजारच्या बाकावर बसलेली बाई चष्मा लावून वाचायला लागली तर तिचा भाऊ रागारागानं बाहेर जाऊन उभा राहिला होता. मला मनातून त्या बाईची कीव आली. सरकारच्या शीटमधला प्रत्येक चौकोन दोनदा वाचणारी मी, पण त्या दिवशी एकही ओळ वाचली नाही. नंतर भावानं आंबा रंगाची साडी घेतली आणि आम्ही तिघांनी पोटभर शेवभाजी खाल्ली. दादा त्या दिवशी फार थोडं बोलले, पण मला वाटलं आईची आठवण आली असेल.

गेल्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे सर्व्हे आला. परदेशातून पैसे आले की बँक त्यावर ते कशापोटी आले याचा एक कोड टाकते. सर्व्हे भरताना मी ते कोड बघून ओळीत घालायचे. वर्षभरातली सगळ्यात मोठी रक्कम एकाच कंपनीकडून आलेली, आणि तिचा कोड भलताच. मी कोडांची यादी काढली. हक्क विकल्याचा कोड होता. मी मनाशी म्हटलं, बँकवाल्यानं चुकून मारला असणार. भाऊ त्या आठवड्यात कोल्हारलाच होता. त्याला फोन लावला.

"अगं ताई, सर्व्हिसमध्ये टाक ना. डिझाईन सर्व्हिस. कोण बघतंय?"

"बँकेचा कोड वेगळा आहे."

"मग बँकेचं चुकलं असंल."

"मलाही तसंच वाटतंय. करार पाठव, मी बँकेला कळवते."

  तो म्हणाला, "कपाटात असंल कुठंतरी. मी आल्यावर बघू." तो यायची वाट न बघता मी उठले.

कपाटाची किल्ली त्याच्याच ड्रॉवरमध्ये होती. करार लगेच सापडला. फॉन्ट कायमचा विकलेला, नाव बदलण्याच्या हक्कासकट. त्याला जोडून एक झेरॉक्स होती. ती मी उभ्या उभ्या वाचली आणि मग खुर्ची ओढून बसले. त्या कागदानुसार अक्षरांवरचा माझा सगळा हक्क मी भावाला राजीखुशीनं दिला होता, आणि पुढे या अक्षरांशी मिळतीजुळती अक्षरं मी काढणार नव्हते. खाली माझी सही. तारीख हक्कसोडाची. आणि साक्षीदार म्हणून एक सही होती, थरथरलेली, पण तसला क काढणारा माणूस जगात एकच आहे.

मी रडले. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडले. भावानं केसानं गळा कापला हे एक वेळ गिळता आलं असतं, भावाभावांत, भावाबहिणींत होतं असं. पण दादा? माझे दादा? ज्यांनी माझ्याकडून 'द्ध्य' सोळा वेळा काढून घेतला, त्यांनी शेजारी बसून मला या कागदावर सही करू दिली? तशीच उठले, तोंड धुतलं आणि कोल्हारची गाडी धरली.

भाऊ दारातच होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं.

"ताई, ऐक तर. कंपनीवाले म्हणले, कायमचा दिला तरच घेतो. असं गिऱ्हाईक परत आलं नसतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू न्हाई म्हणाली असती."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"आता न्हाईच म्हणणार हे माहीत असल्यावर विचारून काय करायचं, ताई?"

त्याला खरंच ते पटलेलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुला कडेवर घेऊन फिरवलं रे मी, असं काहीबाही ओरडले. मग आत गेले. दादा खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आता त्यात काय बोलायचं?" दादा शांतपणे म्हणाले. रागावलेही नाहीत. "बहिनीचा हक्क सुटला पायजे का न्हाई? जमिनीचा काय आन् अक्षराचा काय. एका दिवसात दोन्ही उरकलं. जमिनीला तू हासत सही केली."

"जमीन आईची होती. तुम्ही म्हणालात, मी दिली. अक्षरं माझी आहेत, दादा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत लबाडी असती तर बरं झालं असतं. ते खरोखर चकित झाले होते.

"तुजी? तुजी कशी गं? माज्या हातची अक्षरं ती."

"'ङ' कधी काढलात तुम्ही? 'द्ध्य' काढलात? साडेसहाशे आकार मी काढलेत, दादा. तुमच्याच खाटेशी बसून."

"व्हय की. लई झाक जुळवलं तू. कुनाला कळायचं न्हाई."

जुळवलं. तीन वर्षं मी अक्षरं काढत होते आणि ते मान हलवत होते, तेव्हा त्यांना वाटत होतं की लेक आपल्या अक्षराला ठिगळं लावतेय. मला वाटत होतं आम्ही दोघं मिळून काहीतरी करतोय. एकाच खोलीत, एकाच कागदावर, इतके शनिवार. 

"मला आता तसं अक्षर काढायला मनाई आहे," मी म्हणाले. "कागदात लिहिलंय. घरच्या दारावर पाटी काढायची म्हटली तरी मनाई."

दादा म्हणाले,

"मंग दुसरं काढ की. हात हाय तुजा चांगला."

भावजयीनं चहा आणला होता. मी प्याले नाही. साडेपाचच्या गाडीनं परत आले.

सर्व्हे मी खरा भरला. दुसऱ्या ओळीत पूर्ण रक्कम टाकली, पहिल्या ओळीत विक्रीआधी आलेलं थोडंफार भाडं. भाऊ चार वेळा फोन करून म्हणाला, सर्व्हिसमध्ये टाक, उगाच प्रश्न येतील. मी दर वेळी एकच म्हणाले, "फॉर्म मी बघते, तूच सांगितलंयस." या वर्षीचा फॉर्म शेवटचा, हेही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, असं तोडून नको बोलू." बघा आता, तोडणारी मी!

पंधरा दिवसांनी सर्व्हेच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. गोड आवाज, फार अदबीनं बोलत होती. गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या आकड्यांत फार फरक पडलाय म्हणून तपासत होती.

"मॅडम, 'कायमचे विकले' हे बरोबरच आहे ना? चुकून तर नाही?"

"बरोबर आहे."

"मग पुढच्या वर्षीपासून इथे काहीच येणार नाही?"

"काहीच नाही."

"ओके. आणि एक रकाना रिकामा राहिलाय मॅडम. विकलेली संपदा मुळात कुणी तयार केली? मालकानं स्वतः, नोकरीतल्या माणसानं, की बाहेरच्या व्यक्तीकडून घेतली?"

त्या रकान्याशी मी अर्धा तास बसले होते आणि तसाच सोडला होता. मालकीत मी नव्हते. पगाराच्या यादीत कधीच नव्हते, घरच्या माणसाला कसला पगार?

"बाहेरच्या व्यक्तीकडून," मी म्हणाले.

"ओके. ती व्यक्ती संबंधित आहे की असंबंधित?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे मॅडम, मालकाच्या नात्यातलं कुणी, की परकं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"परकं," मी म्हणाले. "परकं लिहा."