माणसं किती धरू?

नलूआत्या कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आत बाथरूममध्ये शिरायची. हातपाय धुवायला नव्हे, गीझरचा काटा बघायला. तो वर चढलेला दिसला की स्टूल मागायची आणि घरच्यांना कळायच्या आत खाली आणून ठेवायची. बदली होऊन नव्याने कोलकात्यात आलेल्या एका बँक मॅनेजरांच्या घरी तिने हा उद्योग केला, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी गीझर बिघडला म्हणून मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने काटा वर चढवला. महिन्याभराने आत्या पुन्हा गेली आणि तिने तो पुन्हा उतरवला. शेवटी मॅनेजरीणबाई हात जोडून म्हणाल्या, "नलूताई, तुम्ही सांगाल तिथे ठेवते, पण ह्या वयात स्टुलावर चढू नका हो!"

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म कोलकात्यातला आणि नोकरीही सगळी इथलीच. मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. सियालदहजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. बाहेर अस्सल बंगाली बोलायची, पण घरात पाऊल टाकलं की मराठी, आणि तीही आजोबांच्या वेळची. पाणी ऊन आहे का, कढत आहे का, कोमट आहे का, नीट सांगायचं. नुसतं 'गरम' म्हटलेलं तिला खपत नसे.

त्यातही तिचा राग होता तो विसणावर. कढत पाणी सोसवत नाही म्हणून त्यात गार ओततो ना आपण, ते विसण. "विसण लागलं म्हणजे पाणी तापवणाऱ्याचं चुकलं," असं ती म्हणायची. "आधी आटापिटा करून तापवायचं, मग गार ओतून निववायचं! अरे, मग तापवलंस कशाला?" माझी मुलगी मीरा इथेच वाढलेली, तिचं मराठी लंगडं. ती विचारायची, "आत्याआजी, तुझी अंघोळ झाला?" आत्या आधी तिचं व्याकरण धुऊन काढायची आणि मगच उत्तर द्यायची.

सियालदहचं घर प्रोमोटरने, म्हणजे इथल्या बिल्डरने, पाडायला घेतलं, तेव्हा मी आत्याला न्यू टाउनला आमच्याकडे घेऊन आलो. नवी इमारत उभी राहीपर्यंत, असं ठरलं होतं. वर्ष, फार तर दोन वर्षं. येताना दोन बॅगा आणि कुकर एवढंच तिचं सामान होतं. कुकर कशाला आणलास म्हणून मी हसलो. "असू दे रे, कुणाला अडचण नको," ती म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तेव्हा कशातच काही वावगं वाटत नसे.

त्या पावसाळ्यात आमचा जुना गीझर गळायला लागला. झालं, आत्याला काम मिळालं! वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला तिने आकडेमोड सुरू केली. गॅसचा गीझर स्वस्त पडतो असं मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, सुचवलं, तर आत्या ताडकन म्हणाली, "बाथरूमला धड खिडकी नाही आणि तिथे गॅस जाळायचा? मुळीच नाही." गच्चीवर सौरपाट्या बसवायला सोसायटीची परवानगी नव्हती. तीन लिटरचा झटपट तापवणारा थंडीत धार बारीक करतो, तोही बाद. उरला टाकीचा. तो किती मोठा घ्यायचा, हे ठरायचं होतं. "मोठी टाकी घेतलीस तर जास्तीचं पाणी रोज उगाच तापेल आणि तसंच निवेल. लागेल तेवढंच तापवावं," ती म्हणाली. मग पेन रोखून तिने विचारलं, "माणसं किती धरू?"

मी लॅपटॉपवर होतो. वर न बघताच म्हणालो, "तीन. तीनच धर."

 ती "बरं" म्हणाली आणि तीन माणसांचा हिशेब केला. पंधरा लिटरचा गीझर आला. मनात खोट असती तर निदान ती आठवून पश्चात्ताप तरी करता आला असता. मी विचारच केला नव्हता. आत्या समोर बसली होती, माझ्याच घरासाठी डोकं चालवत होती, आणि मी तिला मोजलंच नाही.

वर मी शहाणपणा केला तो वेगळाच. गीझरला फोनवरून चालणारं बटण बसवलं. सकाळी सहाला चालू, सातला बंद. तोवर मी, मनीषा आणि मीरा, तिघांच्या अंघोळी उरकायच्या. काट्याची जागाही आत्यानेच ठरवून दिलेली, विसण लागणार नाही अशी. मित्रांना मी फोन दाखवून सांगायचो, बघा, आमच्याकडे एक थेंब फुकट तापत नाही. "आत्या, तुम्ही आधी जा ना," मनीषा एकदोनदा म्हणाली. "तुम्हाला पोचायची घाई, मला कुठे जायचंय?" असं म्हणून आत्या तिला पुढे ढकलायची.

जानेवारीत एकदा मी दिल्लीहून सकाळच्या विमानाने आलो. घरी पोचेस्तोवर साडेनऊ झाले होते. आत्याची अंघोळ नुकतीच झाली होती, ओले केस पुशीत ती गॅलरीत उन्हाला उभी होती. मी बाथरूममध्ये शिरून गरम पाण्याचा नळ सोडला. बर्फासारखं गार! गीझर बिघडला म्हणून फोन काढला, तर त्यात व्यवस्थित दिसत होतं: सातला बंद. मग एकेक करून सगळं लक्षात आलं. टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर गेलो.

"आत्या, तू अंघोळ कशाने करतेस?"

"पाण्याने," ती म्हणाली.

"थट्टा नको. गार पाण्याने?"

"तुमचं झाल्यावर उरलेलं असतं की. कधी कोमट लागतं, कधी नाही लागत."

"अगं, पण सांगितलं का नाहीस?"

तिने केस झटकले. आवाजात राग नव्हता. वर्गात मुलीला चूक दाखवावी, तसं म्हणाली, "अभ्या, मी तुला विचारून मोजलं होतं. तू उत्तर दिलंस, मी ऐकलं."

मला लाज वाटली. शी! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, सगळी थंडी. मी तिथल्या तिथे फोनवर वेळ वाढवली, मोठा गीझर आणतो म्हणालो, मनीषाला हाका मारल्या. "हा चांगला चाललाय, उगाच बदलू नकोस," एवढंच आत्या म्हणाली. पुढच्या महिन्यात तिने सांगितलं की ती गार्डन रीचला गौरीदीकडे राहायला जाते आहे. गौरीदी तिच्याच शाळेत बंगाली शिकवायच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच होत्या. मी गयावया केली, पाया पडलो, अगदी मीरालाही पुढे केलं. आत्याने मीराचा पापा घेतला आणि बॅग भरायला घेतली.

रविवारी मीच तिला सोडायला गेलो. गौरीदींच्या घरात गीझर नाही. गॅसवर भलंमोठं पातेलं, मोठी आच, वर झाकण नाही, आणि पाणी खळखळा उकळतंय. सबंध स्वयंपाकघरात वाफ. बाजूला विसणाची गार पाण्याची बादली तयार. आता ह्या बाईंची शाळा घेतली जाणार, असं मी मनाशी म्हटलं. गौरीदी बंगालीत म्हणाल्या, "नलिनी, आधी तू जा. तुझ्यासाठीच ठेवलंय."

आत्याने पातेल्याकडे पाहिलं, टॉवेल घेतला आणि आत गेली. मी बाहेर खुर्चीवर बसून राहिलो. आतून तांब्याचा आवाज येत होता. एक तांब्या, मग दुसरा, मग आणखी एक. मध्येच ती काहीतरी गुणगुणायला लागली. गौरीदींनी मला चहा दिला, तो पिऊन झाला, दुसरा दिला, तोही झाला, तरी ती आतच होती.

आमच्याकडे ती चार मिनिटांत बाहेर यायची. आत्याचं काम कसं झटपट असतं, म्हणून मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगत असे.