विक्रोळी ते गुवाहाटी, दोन बाटल्या रक्त

ऐंशीच्या दशकात मी हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होतो, वाहतुकीच्या विमानावर नॅव्हिगेटर. त्या जानेवारीत आम्ही सुटे भाग न्यायला सांताक्रूझला उतरलो होतो. माझं घर घाटकोपरला, हाकेच्या अंतरावर. पण जेवायला जाण्याआधीच ऑर्डर आली.

लान्सनायक मिलिंद साळवे गुवाहाटीच्या लष्करी रुग्णालयात होता. दरडीखाली पाय चिरडला होता. त्याचं रक्त 'बॉम्बे ग्रुप'चं. हा गट इतका दुर्मिळ, की ओ गटाचं रक्तही चालत नाही. जुळलं ते विक्रोळीच्या त्याच्या बहिणीचं आणि मुलुंडच्या एका गृहस्थांचं.

बर्फाची पेटी घेऊन बहीण सुनंदा स्वतःच आली. दंडाला कापूस तसाच.

"किती लांब आहे हो ते?"

"दोन हजार किलोमीटरच्या वर. रेल्वेनं तीन दिवस. आम्ही आज संध्याकाळी पोचू."

"मला पण न्या ना. लागलं तर अजून देईन."

"आज दिलंत ते पुरे, ताई. घरी जाऊन जेवा."

नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती बांगलादेशावरून जाते. लष्करी विमानाला तो रस्ता बंद. नागपूरला इंधन भरून आम्ही सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीवरून वळसा घेतला. वारा पाठीवर होता. वेळ जमत होती.

मग टॉवर बोलला, "गुवाहाटी. व्हिजिबिलिटी पुअर. होल्ड करा."

खाली दाट धुकं. पूर्वेला थंडीत दिवस लवकर मावळतो. मागे फिरून सिलिगुडीजवळच्या बागडोगऱ्याला उतरलो असतो, तर पुढे रात्रभराचा रस्ता. तेवढा वेळ साळवेकडे नव्हता.

स्क्वाड्रन लीडर राणांनी विचारलं, "नॅव, इंधन?"

"वीस मिनिटं थांबता येईल, सर. मग बागडोगरा."

"थांबू."

आम्ही घिरट्या घालत राहिलो. मी घड्याळ आणि इंधनाचा काटा आळीपाळीने पाहत होतो.

टॉवर पुन्हा बोलला, "व्हिजिबिलिटी इम्प्रूव्हिंग. एकदा ट्राय करा."

राणांनी विमान खाली घेतलं. शेवटच्या क्षणी दिवे दिसले.

"रनवे इन साइट."

सकाळी परतण्याआधी आम्ही वॉर्डात गेलो. साळवे शुद्धीवर होता. पाय वाचला होता.

"रक्त कुणाचं, साहेब?"

"एक बाटली ताईची."

"वाट लागली! आता जन्मभर ऐकवणार." तो हसला. मग हळूच म्हणाला, "थापासाहेब सापडले?"

सापडले होते. हवालदार धनबहादूर थापांनी मिलिंदला पाठीवर घेऊन रस्त्यावर आणलं होतं. दुसऱ्या जवानासाठी ते परत खाली उतरले, तेव्हा वरून पुन्हा दरड कोसळली. दोघेही गेले.

पुढचं मला मिलिंदनंच विक्रोळीत भेटल्यावर सांगितलं. चालता येऊ लागल्यावर तो सुट्टीत आधी दार्जिलिंगजवळच्या थापांच्या घरी गेला. बहीण सोबत होती. थापांच्या आईनं त्याच्या पायावरून हात फिरवला आणि विचारलं, "नीट चालता येतं ना?"

मिलिंद उठला आणि त्यानं अंगणात चालून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "अजून एकदा."